आझुकीच्या डोळ्यांवरचं मलम

मित्रांनो, मांजराच्या मऊ केसांचा मी एक जुना, बारीक कुंचला. जपानमधल्या इवात्सुकी गावातल्या एका कारागिराने मला बांधलं आणि तोमिएबाईंच्या हाती दिलं. त्या बाहुल्यांचे चेहरे रंगवायच्या. पस्तीस वर्षं मी त्यांच्या हातून भुवया नि पापण्या रेखल्या. लोक वाकून बघत आणि म्हणत, "अगदी जिवंत वाटते हो!" पुढे गिऱ्हाईक आटलं, मी खोक्यात पडून राहिलो.

त्यांचे यजमान कान्जी यांनी एक लालसर साप पाळला होता. त्याचं नाव आझुकी. बारा वर्षांत तोमिएबाईंनी त्याला बोटही लावलं नव्हतं. एका वसंतात आझुकी दिवसभर पाण्याच्या भांड्यात बुडून बसू लागला. पाण्यावर काळे ठिपके दिसू लागले. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अंगावर बारीक किडे झालेत. हे औषध फडक्यावर फवारून अंग पुसा. पण आधी दोन्ही डोळ्यांवर हे मलम लावा. सापाला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटता येत नाहीत."

घरी आल्यावर कान्जींचे हात थरथरू लागले. मलम राहिलंच आणि औषधाच्या बाटलीचं तोंड वळलं थेट आझुकीच्या तोंडाकडे.

"अहो, थांबा!" तोमिएबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. "डोळ्यांत जाईल!"

"मग तूच लाव. माझा हात बघतेस ना?"

"मी? मला त्याची भीती वाटते."

"मलाही वाटतेय. आंधळा झाला तर?"

तोमिएबाईंनी मला खोक्यातून बाहेर काढलं, उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतलं आणि माझ्या टोकावर मोहरीएवढं मलम घेतलं.

"घट्ट धरा."

"धरलंय. तोच हलतोय."

"बाहुली कधी अशी हलली नाही हो!"

माझा जीव टांगणीला लागला होता. माझा एक केस वाकडा झाला होता. तो टोचला तर? पहिल्या खेपेला मी नाकपुडीशीच टेकलो. तोमिएबाईंनी श्वास रोखला आणि मला आडवं धरून हलकेच फिरवलं. काचेसारखा गुळगुळीत डोळा मला जाणवला. मग दुसरा. त्यानंतर कुठे फडकं ओलं झालं.

दोन आठवड्यांनी आझुकीचे डोळे दुधासारखे पांढरे झाले. कान्जी ओरडले, "गेले गं डोळे!"

तोमिएबाईंनी घाबरत फोन लावला. "अहो बाई, तो कात टाकणार आहे, दर वेळी टाकतो तशीच. औषधाच्या धास्तीने विसरलात वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला हात लावू नका, वाट बघा."

ते आठ दिवस त्या घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी अख्खी कात निघाली. डोळ्यांवर पापण्यांऐवजी असलेल्या दोन्ही पातळ, पारदर्शक चकत्यासुद्धा तिच्यासोबत निघाल्या होत्या. आझुकी लख्ख डोळ्यांनी तोमिएबाईंकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "बघा, मला ओळखतोय!" आणि बाहीनेच डोळे पुसू लागल्या.

मलमाचा तेलकटपणा माझ्या केसांतून गेला नाही. रंगकामाला मी आता बाद झालो आहे, पण त्याची मला खंत नाही. मित्रांनो, मुक्या जिवाला औषध लावताना घाई करू नका. त्याचे डोळे आधी जपा. जळजळलं तर ते त्याला सांगताही येत नाही.