शिवाची डुलकी

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ रंभाबायचं गॅरेज. बाप मागे ठेवून गेला आणि हिनं ते असं चालवलं, की 'बाईमाणसाला जमेल का' हा प्रश्न लोकांच्या ओठांवरच वाळून गेला. ओवे गावच्या धर्मराजशेटचा ट्रक डिझेलबरोबर ऑइलही प्यायला लागला, तेव्हा तोही मुकाट्यानं हिच्याच दारात आला.

जुनं इंजिन उतरवलं होतं. त्याच्या जागी बसवायला जे दुसरं आलं, ते अगदी नागडं. म्हणजे वरचं बाकी सामान जुन्यावरून काढून ह्याच्यावर चढवायचं. सगळ्या गॅरेजांत असंच करतात आणि घोळ नेमका इथंच होतो. 'आधी चालत होतं ना, मग टाक तसंच,' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. रंभाबायला ह्या वाक्याची भारी चीड.

फ्लायव्हीलजवळचा सेन्सर तिनं वायरीसकट बाहेर काढला. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, किती वेगानं फिरतंय, हे सांगायचं ह्याचं काम. हा बोलतोय तोवर इंजिनाला डिझेल मिळतं, हा गप्प बसला की इंजिन ठप्प. तिनं तो फडक्यानं पुसला. टोक घासलेलं, अंगावर तडा, वायर भाजून पापडासारखी कडक झालेली.

"हात्तिच्या!" ती म्हणाली. "शिवा, जरा इकडं ये."

शिवा ह्या ट्रकचा ड्रायव्हर. होता, म्हणायचं. खोपोलीच्या घाटात ऐन चढावर ट्रक बंद पडला, मागे घसरला आणि मागच्या टेम्पोचं तोंड चेपलं. माणसं वाचली, पण शिवाची नोकरी काही वाचली नाही. "आपोआप बंद पडली," असं तो शपथेवर सांगत राहिला. पण थोड्या वेळानं तोच ट्रक एका चावीत सुरू झाला आणि नंतर वर्कशॉपात तपासला तर दोष सापडेना. धर्मराजशेटनं सगळ्यांसमोर विचारलं, "डोला लागला होता काय रं?" झालं! टर्मिनलवर त्याचं नाव 'डुलकी' पडलं. डुलकी काढणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात कोण चावी देणार? तरी इंजिन बदलायच्या दिवशी हा वेडा आपणहून येऊन नटबोल्ट धूत बसला होता.

त्यानं सेन्सर हातात घेतला. "ताय, म्हनजे हा तापला की..."

"तापला की मरतो. गार झाला की उठतो."

शिवाचे डोळे भरून आले. "मंग नवा टाक ना! आनि सांग शेटला."

"सांगून काय व्हनार? नवा टाकला, गाडी झकास चालली, तर लोक काय बोलतील? इंजिन बदलला, ड्रायव्हर बदलला, गाडी सुधारली. डुलकी तुझ्या गल्यात तशीच."

शिवानं सेन्सर परत तिच्या हातात ठेवला. ते खरंच होतं.

दुपारी इंजिन चढलं, तसा शेट आला. रंभाबायनं सरळ सांगितलं, "शेट, ह्यो सेन्सर गेलाय. नवा आनून ठेवलाय. पन आधी जुनाच लावलाय. गाडी रिकामी हाय, रस्ता सपाट हाय. रोडपालीपर्यंत चक्कर तुमी मारा."

"मी ट्रक चालवायचो तवा तू फ्रॉकमधी होतीस!"

"म्हनून तर तुमालाच सांगते."

शेट मिशीत हसला आणि स्टिअरिंगवर बसला. मध्ये रंभाबाय, दाराशी शिवा. ऊन मी म्हणत होतं. पहिली चक्कर झाली, काही नाही. शेटला चेव आला. "काय ग्वाड आवाज हाय! कुटं गेलाय तुझा सेन्सर?" दुसरी चक्कर झाली. तरी काही नाही. शिवानं खिडकीबाहेर तोंड वळवलं. आता मात्र रंभाबायलाही शंका आली. आपली अक्कल चुकली तर एक वेळ चालेल, पण ह्या पोराचं काय? आपल्याला काय गरज होती असला खेळ मांडायची?

"अजून एक मारा शेट," ती म्हणाली.

वळणाच्या पुढे आवाजच गेला. इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, शेटनं दात-ओठ खात ट्रक कसाबसा कडेला घातला. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. शेटच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

"मी काय नाय केला!" तो ओरडला. "देवाशपथ सांगतो, आपोआप बंद पडली!"

आणि तोंडातून गेलेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं.

शिवा खिडकीतून आत वळला. आवाज न चढवता म्हणाला, "शेट, डोला लागला होता काय?"

रंभाबायनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. शेटचे कान लाल झाले. त्यानं चावी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली, इंजिन ढिम्म. तिघं घामाघूम होऊन बसून राहिले. बऱ्याच वेळानं ट्रक गार झाला, तसा एका चावीत सुरू झाला. शेट जागेवरून उठला, खाली उतरला आणि दुसऱ्या बाजूनं येऊन शिवाचं दार उघडलं.

"सरक. गाडी तू घे," तो म्हणाला.

गॅरेजात नवा सेन्सर बसला. मग शिवानं दिवस मावळेपर्यंत ट्रक फिरवला, एकदाही बंद पडला नाही. जुना सेन्सर शेटनं मागून घेतला आणि तडक शकूच्या चहाच्या टपरीवर गेला. डुलकी हे नाव तिथंच जन्माला आलं होतं. ड्रायव्हर मंडळी होतीच जमलेली. शेटनं तो काळा तुकडा चहाच्या ग्लासांमध्ये ठेवला.

"डोला ह्याचा लागत होता," तो म्हणाला. "शिवाचा नाय. मी चुकलो."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंग आता डुलकी कोनाला म्हनायचा?"

"मला म्हना," शेट म्हणाला. "आज रोडपालीला मलाच लागली."

हसण्याचा फवारा उडाला. शकूनं पहिला ग्लास शिवापुढे केला. त्यानं तो घेतला, पण डोळे पुसायला त्याच्याकडे दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात ट्रकची चावी होती.