भट्टीनंतरची ताकद

“रसायन सारखं, जाडी सारखी, ताकद सारखी. आता अडलंय कुठं?” खरेदीवाल्याने दोन सर्टिफिकेटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि हाताची घडी घालून तो उभा राहिला.

शंकासुराने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. कार्यालयात सगळे त्याला शंकासुरच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याचं त्यालाही आताशा काही वाटेनासं झालं होतं. घराला कुलूप लावलं की ते ओढून पाहायचं, अर्ध्या जिन्यावरून परत फिरायचं आणि पुन्हा ओढायचं, असा हा माणूस. पण याच स्वभावाचा त्याला पगार मिळत होता. कारखान्यात प्रेशर व्हेसल बनत, म्हणजे तापलेला वायू दाबून धरणाऱ्या जाड पोलादाच्या टाक्या. मागवलेल्या जातीची प्लेट मिळाली नाही, तर तिच्या जागी दुसऱ्या मानकातली कोणती चालेल ते ठरवायचं आणि सही करायची, हे त्याचं काम.

या वेळी हवी होती क्रोम-मॉलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची प्लेट. साधं पोलाद ज्या उष्णतेला ढिलं पडतं तिथेही ही ताठ उभी राहते. पण पोलाद कारखान्याने मुदत वाढवून मागितली होती, गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं, आणि खरेदीवाल्याने फोन फिरवून फिरवून एका व्यापाऱ्याच्या आवारात तिची चुलत बहीण शोधून काढली होती. बिचाऱ्याची मेहनत खरी होती.

“ही ताकद कधीची?” शंकासुराने विचारलं.

“कधीची म्हणजे? प्लेटची!”

“भट्टीत जायच्या आधीची. आपण वेल्डिंग झाल्यावर अख्खी टाकी भट्टीत घालणार. एखादा जोड दुरुस्त करावा लागला तर परत घालणार. प्रत्येक वेळी ताकद थोडी उतरते. मागवलेल्या प्लेटचे तुकडे तेवढे तास भाजून मग तपासणार होते. हिचे तसे तपासलेले नाहीत.”

“थोडी म्हणजे किती?”

“तेच तर माहीत नाही. आत्ता ही किमान मर्यादेच्या वर आहे, पण भट्टीनंतर राहील का?”

“अहो, सगळीकडं वापरतात ही प्लेट!”

“वापरत असतील. हीच प्लेट आपल्या भट्टीतून कशी निघेल, एवढंच विचारतोय मी.”

खरेदीवाल्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात साहेब दारात आले. साहेब आवाज चढवणारे नव्हते, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटायची. “संध्याकाळपर्यंत सांगा,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याशीही बोलतंय. हे काम गेलं तर कंत्राटी वेल्डर मला ठेवता येणार नाहीत. विचार करून सांगा.”

विचार करून! कंत्राटी वेल्डरांत शंकासुराचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. शंकासुरानेच त्याला इथे चिकटवून दिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा समोर येऊन बसला. बातमी वर्कशॉपपर्यंत पोचायला वेळ लागत नाहीच. बाहीवर ठिणग्यांनी पडलेली भोकं, डोळे लालसर. डबा उघडून त्याने तसाच पुढ्यात ठेवला.

“भाऊजी, ऐकलं ते खरं आहे?”

“काय ऐकलंस?”

“तुमच्या सहीवाचून अडलंय म्हणतात. करून टाका ना. माझं बाळ आत्ता कुठं बसायला लागलंय. मी आता कुठं जाऊ काम मागत?”

“प्लेटची खात्री नाही रे मला.”

“वाईट आहे?”

“वाईट आहे असंही म्हणता येत नाही.”

“मग?” मेहुण्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते सहन होईना. “मग कशासाठी एवढं, भाऊजी?”

शंकासुराने आपला डबा तसाच मिटला. दुपारभर तो त्या दोन कागदांवर डोळे लावून बसला. हे आपलं शिक्षण बोलतंय की आपला स्वभाव? कुलूप ओढून पाहणाऱ्या माणसाला सगळीच दारं उघडी वाटतात. कदाचित प्लेट धडधाकट असेल आणि आपण निव्वळ भित्रे असू. त्याने एकदा पेन उघडलं, टोक कागदाजवळ नेलं, आणि त्याला ती टाकी दिसली: लालबुंद नाही, फुटलेली नाही, नुसती उभी, आणि तिच्या सावलीत डबा उघडून बसलेला कुणीतरी माणूस. त्याने पेन मिटलं.

संध्याकाळी तो साहेबांना म्हणाला, “तुकडा भट्टीत भाजून ताणून पाहू. तोवर मी हो म्हणू शकत नाही.”

“आणि ‘नाही’ म्हणता?”

“नाही तरी कशाच्या जोरावर म्हणू?”

साहेब जरासे हसले. “तपासून घ्या,” ते म्हणाले. त्यांनी व्यापाऱ्याकडून त्या प्लेटांचा एक तुकडा मागवलाही. पण गिऱ्हाईक काही थांबलं नाही. दुसऱ्या कारखान्याने कागदाला कागद लावून पाहिला, सही केली आणि त्याच प्लेटा उचलल्या. महिना संपायच्या आत कंत्राटी वेल्डरांना निरोप मिळाला.

घरी बायकोने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. “माझ्याच भावाच्या पोटावर पाय आणायचा होता तुम्हाला?” एवढं एकच वाक्य बोलली आणि त्यानंतर भाजी हवी का, दिवा घालवू का, यापलीकडे तिने तोंड उघडलं नाही.

तुकडा मात्र ठरल्याप्रमाणे भट्टीत गेला. आता त्याची कुणालाच गरज नव्हती. प्रयोगशाळेतल्या मुलीने विचारलंही, “सर, काम तर गेलं ना? मग आता कशाला हे?” शंकासुर म्हणाला, “लावा तुम्ही.” मशीनच्या जबड्यांत ती बोटभर जाडीची कांडी अडकली, यंत्र घरघरलं, काटा चढू लागला. तो हाताच्या मुठी आवळून उभा होता. आणि काटा मर्यादेकडे सरकत असताना त्याला स्वतःच्याच मनातलं स्पष्ट ऐकू आलं: तूट. इथेच तूट. म्हणजे मी बरोबर ठरेन, घरी जाऊन सांगता येईल.

दुसऱ्याच क्षणी त्याने मुठी सोडल्या. याच प्लेटांची ती टाकी दुसऱ्या कारखान्यात बनत होती. आपण काय मागतोय हे!

काटा मर्यादा ओलांडून पुढे गेला. चांगला पुढे गेला. मग कांडी मध्ये बारीक झाली आणि खाडकन तुटली. मुलीने आकडा वाचला आणि हलकेच म्हणाली, “चांगली आहे की, सर.”

“हो,” तो म्हणाला. “चांगली आहे.” त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि तो तिथल्या स्टुलावर बसला.

कार्यालयात ही गोष्ट हसण्यावारी गेली. खरेदीवाला तेवढा हसला नाही. त्याची मेहनत वाया गेली होती. साहेबांनी पुढच्या महिन्यापासून पर्यायी प्लेटांच्या सह्या एका तरुण इंजिनिअरकडे दिल्या. “तुम्हाला ताण होतो,” ते म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. शंकासुराकडे टाक्यांवरचा रंग आणि नावाच्या पाट्या आल्या. त्या तो दोनदा तपासायचा.

वर्ष गेलं. एका रविवारी सकाळी मेहुणा घरी आला. इतके दिवस तो आला तरी बहिणीशी बोलून दारातूनच जायचा. आज तो आत येऊन खुर्चीवर बसला. बायको चहा टाकायला आत गेली, तसं त्याने खुर्ची पुढे ओढली.

“भाऊजी, तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी त्या दुसऱ्या कारखान्यात लागलो होतो. ती टाकी मीच जोडली.”

“तुझी ताई बोलली होती.”

“आता ज्यांनी ती विकत घेतली ना, ते मला देखभालीला ठेवतायत. कायमचं. टाकी चालू झालीय. माझी खोली तिच्या अगदी पायाशी आहे. दिवसभर तिथंच बसायचं.”

“चांगलं झालं.”

“हो.” मेहुणा आपल्या हातांकडे पाहत राहिला. “तिथं सगळे म्हणतात, कागद बरोबर आहेत. असतीलही. पण त्या प्लेटांचा तुकडा भाजून कुणी ताणला असेल तर तो तुम्हीच. बाकी कुणी नाही. मी विचारलं तिथं.”

गेल्या वर्षभरात प्लेटबद्दल शंकासुराला कुणी काही विचारलं नव्हतं.

“काय निघालं त्यात, भाऊजी?”

“पास झाला. भट्टीनंतरसुद्धा. नुसता काठावर नाही, चांगला पास झाला.”

“म्हणजे बसू मी तिथं?”

आतून कपबशांचा आवाज येत होता. शंकासुराने आकडा पुन्हा आठवला, भट्टीचे तास आठवले, काटा आठवला.

“प्लेटचं मी सांगतो,” तो म्हणाला. “जोडांचं तुझं तुला ठाऊक.”

“जोड माझे आहेत. त्यांची काळजी नाही.”

“मग बस.”

मेहुण्याने मान हलवली. बायकोने चहा आणला, आणि मेहुणा तो घेऊन, कप विसळून ठेवून, कामाचे कपडे आणायला निघून गेला.