जुन्या पंपाचा गार फवारा

त्या वर्षी वसंतात आर्डेलिया टॉलिव्हरला, ज्याला ज्याला म्हणून छातीभर श्वास घेता येत होता, त्या प्रत्येकाचा हेवा वाटायचा. शेजारच्या कुत्र्याचा वाटायचा. पाईनच्या पिवळ्या परागाने माखलेल्या अंगणात ते चार फेऱ्या मारायचं आणि वर दमही न खाता भुंकायचं. रेव्हरंड पर्डींचा वाटायचा. प्रवचन गाताना प्रत्येक ओळीच्या शेवटी ते 'हा!' करून असा श्वास ओढत, की जणू चर्चमधली सगळी हवा त्यांच्याच मालकीची. पण घास कडू व्हावा इतका हेवा वाटायचा तो एकाच बाईचा, कोरिन मेह्यूचा. कारण कोरिनकडे अजून जुना पंप होता.

अलाबामातल्या होलिस फोर्क गावात दम्याची माणसं काही कमी नव्हती, आणि जुना पंप म्हणजे काय ते त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दाबला की गार फवारा घशावर थाडकन आपटायचा. औषध आत गेलं याची खूणच ती. मग सरकारने सांगितलं, त्यातल्या वायूने आकाशाला भोक पडतंय, आणि जानेवारीपासून दुकानांतून जुना पंप गेला. नवा आला तो तिप्पट दामाचा आणि कोमट. दाबला तर तान्ह्या बाळाने तोंडावर फुंकर घालावी तसं वाटायचं. आर्डेलिया एकदा, दोनदा, चारदा दाबायची आणि छाती आहे तिथेच अडकलेली. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅम, औषध तेच आहे, फक्त वायू बदललाय."

"आकाशाचं भोक बुजवायला माझ्याच छातीतलं सामान नेलं म्हण की," आर्डेलिया म्हणाली. पोरगी हसली. आर्डेलियाला हसायला तेवढा दम नव्हता.

तिचं दुःख निव्वळ श्वासाचं असतं तर तिने ते देवापुढे ठेवून सोसलं असतं. पण न्यू टिर्झा चर्चमध्ये बावीस वर्षं ओळ देण्याचा मान तिचा होता. पुस्तकं नव्हती, वाचणारे नव्हते, तेव्हापासूनची ही रीत. एकाने उभं राहून भजनाची ओळ एका दमात पुढे टाकायची आणि मागच्या सगळ्यांनी ती झेलून, ओढून, लांबवत, हेलकावत गायची. ओळ मध्येच तुटली तर माणसं झेलणार काय? फेब्रुवारीतल्या एका रविवारी आर्डेलियाची ओळ तिसऱ्या शब्दावर तुटली. क्षणभर सगळं चर्च हात पसरून उभं राहिल्यासारखं झालं. आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांमधून कोरिन उठली, उरलेली ओळ तिने उचलली आणि अलगद पुढे ठेवली. लोक म्हणाले, देवाने वेळेवर माणूस उभं केलं. आर्डेलियाला मात्र तेव्हा कोरिनच्या मुठीतला, लाल नेलपॉलिशची रेघ ओढलेला जुना पंप तेवढा दिसला.

तेव्हापासून ओळ कोरिनच देत होती. ईस्टरचं विचारलं तेव्हा रेव्हरंड दोघींना म्हणाले, "त्या आठवड्यात जिची छाती साथ देईल तिने द्यावी. तुम्ही दोघी आपसात ठरवा, मला मध्ये घेऊ नका."

ईस्टरला आठ दिवस उरले होते त्या शनिवारी सकाळी आर्डेलियाने स्वयंपाकघरात वाडग्यात पाणी घेतलं, नव्या पंपाची धातूची कुपी प्लॅस्टिकच्या खोळीतून काढली आणि पाण्यात सोडली. दर शनिवारचा हा नेम. तिच्या आईचाही होता. कुपी बुडाली तर भरलेली, तोंड खाली करून उभी राहिली तर अर्धी, आडवी तरंगली तर संपली.

"आंघोळ झाली का गं तुझ्या लेकराची?" नवरा होरेस ताटलीतल्या ग्रिट्सवर, मक्याच्या लापशीवर, लोणी पसरत म्हणाला.

"बघ ना, धड बुडत नाही, धड तरंगत नाही. हिलाही ठरवता येत नाहीये जगायचं की मरायचं."

"मग कोरिनला माग की एक. ती सांगत फिरते, कपाटाचा खण भरून ठेवलाय म्हणून."

"तिच्यापुढे हात पसरू? त्यापेक्षा गुदमरलेलं परवडलं."

"गुदमरलीस तर ईस्टरच्या हॅमला मसाला कोण लावणार?" होरेस म्हणाला, पण बोलता बोलता उठून त्याने खिडकी लावून घेतली. बाहेर पराग धुरासारखा उडत होता.

तरी तिने हात पसरलाच. पुढच्या गुरुवारी ईस्टरच्या गाण्याची तालीम होती. चर्चमागच्या खोलीत दोघी तेवढ्या उरल्या होत्या.

"कोरिन, एक मागू का? तुझ्या खणातला एक पंप दे. नव्याने मला गुण येत नाही गं."

कोरिन पर्स लावत होती. ती थांबली. "सिस्टर टॉलिव्हर, तुझ्या होरेसला रेल्वेचा विमा आहे. तुला पाहिजे तेवढी औषधं मिळतात. मी शाळेच्या भटारखान्यातून निवृत्त झालेली बाई. मी साठवलं ते स्वतःच्या जिवासाठी साठवलं."

"विम्याने हाच कोमट पाद मिळतो!"

"चर्चमध्ये उभी आहेस हं तू," कोरिन म्हणाली आणि हसत हसत हात धुवायला गेली. पर्स खुर्चीवर. तोंड उघडं.

पर्समध्ये लाल रेघ दिसत होती. नळाचं पाणी वाहत होतं तेवढ्यात आर्डेलियाचा हात गेला आणि आला. चोरी शिकावी लागत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. गाडीत बसून तिने दाबला. गार फवारा घशावर आपटला आणि छाती दार उघडावं तशी उघडली. ती रडली. आधी सुखाने, मग भीतीने. "देवा, तिच्याकडे खण भरलेला आहे," तिने देवाला समजावलं.

तिला वाटलं, आता कोरिन बोंब ठोकणार. कोरिनने हूं की चूं केलं नाही. शुक्रवारी आर्डेलियाने फोन करून सांगितलं, की ईस्टरला ओळ मी देते, छाती बरी आहे. पलीकडून मग "बरं" एवढंच.

ईस्टरचा रविवार उजाडला. चर्चमध्ये वेदीपाशी लिलीचे ढीग, बायकांच्या हॅटा, प्रत्येकीचं अत्तर वेगळं. दारा-खिडक्यांतून पराग. दम्याच्या माणसाने तिथे पाऊल टाकू नये असा तो सण. आर्डेलियाने अंगणातच दोनदा दाबून घेतलं होतं. पहिल्या भजनाला ती उभी राहिली आणि ओळ अशी टाकली, की मागच्या बाकावरचे म्हातारे "टाक, पोरी, टाक!" करत उठले. साठीच्या बाईला पोरी म्हणणारे एवढेच उरले होते. तिने खालच्या पट्टीच्या बायकांकडे मुद्दाम पाहिलं. कोरिन मान खाली घालून बसली होती. आर्डेलियाच्या पोटात गोड काहीतरी सांडलं.

मग रेव्हरंड पर्डी उभे राहिले. त्यांचं प्रवचन ज्याने ऐकलं नाही त्याला काय सांगावं! सुरुवात करतात ती ओसरीवर बसून हवापाण्याचं बोलावं तशी. मातीच्या माणसाची गोष्ट होती. नाक आहे, डोळे आहेत, सगळं जिथल्या तिथे, पण पडून आहे. बोलता बोलता आवाज एका सुरावर टेकतो, कधी टेकला ते कळत नाही, आणि मग शब्द त्या सुराला लोंबकळत निघतात. "आणि देव वाकला, हा! त्या मातीवर वाकला, हा! उसना नव्हता तो श्वास, हा! स्वतःच्या छातीतला होता!" ऑर्गन मागे मागे येऊ लागला. हातपंखे थांबले. माणसं ओरडत होती, "सांगा, सांगा!" आर्डेलियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हातातल्या पर्समध्ये लाल रेघेचा पंप दगडासारखा जड झाला होता. स्वतःच्या छातीतला, म्हणे.

अशा टोकाला रेव्हरंड प्रवचन सोडून देतात आणि ओळीवाल्याकडे बघतात. तिथे ओळ पडली पाहिजे. आर्डेलिया उभी राहिली.

"नेशील तिथे येईन, बापा..."

माणसांनी ती ओढून घेतली. दुसऱ्या ओळीसाठी तिने श्वास भरला, आणि तेव्हा तिला कोरिन दिसली.

कोरिनचे खांदे कानांपर्यंत गेले होते. ओठ राखेसारखे. हातात पंप होता. नवा. तिने दाबला, हलवला, पुन्हा दाबला. पंपाच्या तोंडातून फवारा येताना दिसेना. तिने पर्स मांडीवर उलटी केली. रुमाल, किल्ल्या, पेपरमिंटच्या गोळ्या. शोधत होती, आणि जे शोधत होती ते तिथे नाही हे तिला माहीत होतं. तरी शोधत होती.

"हात तुझा..." आर्डेलियाने ओळ सुरू केली.

पुढचे शब्द आले नाहीत. या वेळी दम होता, अगदी भरपूर होता. ती ओळ तशीच टांगती ठेवून खाली उतरली. बायकांचे गुडघे ओलांडत गेली, कुणाच्या तरी हॅटेला धक्का लागला, आणि सगळ्या चर्चदेखत तिने पर्समधून लाल रेघेचा पंप काढून कोरिनच्या तोंडाशी धरला.

"ओढ. पुन्हा. धरून ठेव आता, सोडू नकोस."

चर्च गप्प झालं नाही. न्यू टिर्झाची माणसं टांगती ओळ जमिनीवर पडू देत नाहीत. त्यांनी तोंड मिटून नुसता गुणगुणाट धरला. खर्जात, लाटेसारखा. पांढऱ्या गणवेशातली चर्चची नर्स लुरेथा धावत आली, तिने कोरिनची कॉलर सैल केली आणि हातपंख्याने वारा घातला. गुणगुणाट चालूच. पाच मिनिटं झाली असतील. कोरिनचे खांदे हळूहळू खाली उतरले, ओठांना रंग आला. तिने हातातल्या पंपाकडे पाहिलं, लाल रेघेवरून अंगठा फिरवला, मग आर्डेलियाकडे पाहिलं. आणि बसल्या जागेवरून, फाटक्या आवाजात, तिने उरलेली ओळ दिली.

"...सोडणार नाही मी."

चर्च उसळलं. आर्डेलियाच्या मनात पहिलं काय आलं असेल? देवाचे आभार नव्हे. *माझी ओळ घेतली हिने.* पुन्हा घेतली. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिने तोंड उघडलं आणि सगळ्यांबरोबर ती ओळ झेलली. मागे उभं राहून झेलायचं काम तिने बावीस वर्षांत केलं नव्हतं, फेब्रुवारीपासून कोरिन ओळ द्यायची तेव्हाही नाही.

सभा सुटल्यावर लुरेथा आणि त्या दोघी चर्चच्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेर हॅमचे तुकडे वाढले जात होते.

"मी घेतला तो. गुरुवारी," आर्डेलिया म्हणाली.

"माहितीये. तू हात न धुता निघालीस तेव्हाच कळलं. तुझी खोड आहे, दोनदा धुतेस."

"मग बोलली का नाहीस? आणि खणातला दुसरा का नाही आणलास?"

कोरिनने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "खण! खणात चमचे आहेत. हा शेवटचा होता. फेब्रुवारीपासून शेवटचाच आहे. मोजून मोजून, निव्वळ रविवारी वापरायचे. पण संपत आला म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, मग ओळ सिस्टर टॉलिव्हरलाच द्या." तिने नाक ओढलं. "तुझ्यासारखा आवाज नाही मला. माझ्याकडे पंप होता, एवढंच."

तीन महिने आर्डेलिया ज्या खणावर जळत होती त्यात चमचे होते.

लुरेथाने दोघींचे नवे पंप मागितले. कोरिनच्या पंपाची कुपी खोळीतून काढून तिने खोळीचं भोक उजेडात धरलं. पांढरा थर बसून ते बुजलं होतं. आर्डेलियाचंही तसंच.

"हे धुता की नाही?"

"दर शनिवारी," दोघी एकदम म्हणाल्या.

"काय धुता?"

"कुपी. वाडग्यात सोडते," आर्डेलिया म्हणाली. कोरिनने मान डोलावली. तिचीही आई तेच करायची.

लुरेथाने दोन्ही खोळी टेबलावर ठेवल्या. "अगं बायांनो, धातूच्या कुपीला पाण्याचा थेंब लावायचा नाही. धुवायची ती प्लॅस्टिकची खोळ. कोमट पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी, आणि वाळवायची. मग आधी हवेत चार फवारे उडवायचे आणि नंतर तोंडाला लावायचा. तुम्ही नेमकं उलटं करत होतात. कुपीला आंघोळ आणि खोळ पारोशी!"

"मग दुकानातल्या पोरीने का नाही सांगितलं?"

"घडी घातलेला कागद येतो ना बरोबर. मुंगीएवढ्या अक्षरांत."

"म्हणजे तरी तो कोमटच लागणार," आर्डेलिया म्हणाली.

"कोमटच लागणार. आणि महागच राहणार. पण आत जाईल."

लुरेथाने खोळी धुऊन कपाटाच्या कडेला पुसण्यावर वाळत घातल्या. दोघी शेजारी शेजारी खुर्च्या ओढून बसल्या. कुणीतरी दोन ताटल्या आणून दिल्या, वाटाणे, हॅम आणि मक्याचा पाव. आर्डेलियाने पहिला घास घेतला, आणि मग मान जराशी वळवून पाहिलं. कोरिनच्या खोळीतलं पाणी आधी निथळत होतं.

"तुझी लवकर वाळेल," ती म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी पहिली ओळ माझी," कोरिन म्हणाली. "दुसरी तुझी."

आर्डेलियाने वाटाण्यांचा चमचा तोंडाजवळ थांबवला. पहिली ओळ मोठी असते. तिने हिशोब केला, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, आणि म्हणाली, "दुसरी आणि चौथी."