डावा सोडत नाही

माझं आणि माझ्या डाव्या हाताचं पटत नाही. थट्टा नाही, खरंच पटत नाही. गेल्या दिवाळीनंतर मेंदूत छोटासा झटका येऊन गेला. चालणं, बोलणं सगळं परत आलं, देवाची कृपा, पण हा डावा माझा राहिला नाही. उजव्यानं कप उचलावा तर हा तो खाली ठेवायला बघतो. शेजारीण बोलायला आली की तिची ओढणी धरून बसतो, आणि एकदा धरलं की सोडत नाही. मी आतल्या आत ओरडते, सोड मेल्या, पण ऐकेल तर शपथ. डॉक्टर म्हणाले, मेंदूचे निरोप वाटेत अडतात, दोष तुमचा नाही आणि हाताचाही नाही. मग कुणाचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आमचे हे, गुरुदत्त, पेपर वाचत बसले होते तेव्हा एकदा डाव्यानं त्यांचा चष्मा ओढून फरशीवर आपटला. मला रडूच फुटलं. म्हटलं, "अहो, मी नाही केलं."

"माहीत आहे मला," म्हणाले, आणि वाकून काचा गोळा करायला लागले. तेवढंच. इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाचे मनापासून आभार मानावेत असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

पुढे सूनबाईंना, म्हणजे इराला, मुलगी झाली. इरा कामोठ्यात दहावीचे क्लास घेते, तिची आई शशिकलाबाई बाळंतपणाला पुण्याहून आमच्याकडेच राहायला आल्या. घरात सगळ्यांनी बाळाला घेतलं, वॉचमनच्या बायकोनंसुद्धा घेतलं. मी मात्र दारातूनच बघायची. डाव्यानं तिचा कान पिरगळला तर? मान आवळली तर? मोठ्या माणसाला सांगता येतं, मी नाही केलं. त्या एवढ्याशा जिवाला काय सांगणार होते मी? माझीच नात, आणि तिच्यापासून मी विटाळशीसारखी लांब. फार वाईट वाटायचं.

बारसं जवळ आलं तसं इरानं जाहीर करून टाकलं, "पाळण्याच्या एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला तुम्ही." आमच्यात नाव ठेवण्याआधी दोघी जणी बाळाला पाळण्याच्या खालून नि वरून एकमेकींकडे देतात.

मी भडकलेच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हात माझं ऐकत नाही, दिसत नाही का?"

"दिसतं ना. पण धरलेलं सोडतही नाही. मला तसंच माणूस हवंय."

"अगं, धरायचं तर माणसानं ठरवून धरावं. हा मेला काय ठरवतो?"

"आई, ती माझं बोट धरते ते तरी कुठे ठरवून धरते? तळव्याला काही लागलं की मूठ मिटते, बस. तरी मला किती बरं वाटतं." मास्तरणीशी वाद घालू नये.

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून फिरवतात. आमच्या घरात मिक्सर, वरवंटा कुठला? इरानं जुन्या गावातल्या कृष्णाबाईंकडून मागून आणला आणि रोज दुपारी तो दगड माझ्या हातात देऊन मला दिवाणावर बसवायला लागली. डावा त्याला घट्ट धरायचा. मनगट हळूहळू चोळलं की सैल पडायचा. ओल्या बाळंतिणीनं स्वतः आराम करायचा सोडून सासूचं मनगट चोळत बसावं, असं कुणी केलं असतं? तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बारशाच्या दिवशी वरवंटा सुखरूप फिरला. मग शशिकलाबाईंनी पाळण्याखालून बाळ पुढे केलं. ह्यांनी लगेच खाली ओंजळ धरली, माझा मुलगा देवेश माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. मी उजवा हात पुढे केला आणि डावा आपणहून गेला. तो तिच्या मानेखाली शिरला आणि तिथेच थांबला. आवळलं नाही, ओढलं नाही. तिनं डोळे किलकिले केले, हात हलवला आणि डाव्याचाच अंगठा मुठीत धरला.

आता वरून परत द्यायचं होतं. शशिकलाबाईंनी हात पसरले. बायका थांबल्या, आत्या नाव सांगायला ताटकळली. बाळ काही माझ्या हातातून निघेना. सगळ्यांचे चेहरे उतरले. इरा धावत आली आणि मनगट चोळायला लागली. "आई, डावा अडलाय का?" तिनं हळूच विचारलं.

मी आत कान देऊन पाहिलं. एरवी तिथे माझा आरडाओरडा चालू असतो, सोड म्हणून. आज कुणीच ओरडत नव्हतं. त्याला जे हवं होतं तेच मला हवं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "तो नाही. मीच सोडत नाहीये."

इरानं मनगटावरचा हात काढला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.