दुसरं बटण

मावशींनी कात्री चालवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी तुटून खाली पडली. दबलेलं डावं बटण टक्कन वर आलं.

"आत्ता कुठे हात बसला होता," तुफान कुरकुरली. डब्यांची झाकणं करणाऱ्या त्या कारखान्यात तिच्याइतकी भरभर प्रेस कुणी चालवत नसे, म्हणून सगळ्या तिला तुफानच म्हणत.

दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नसे. साचा आदळताना हात बाहेरच राहावेत, म्हणून तशी सोय होती. एक बटण बांधून टाकलं की डावा हात मोकळा. मग झाकण उचल, पत्रा सरकव, काम दीडपट. सगळ्याच बायका बांधत आणि मावशी, पाळीच्या सुपरवायझर, रोज सोडवत.

आज मात्र मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस वेग बघायला येणार होता. त्याला पटलं तर दुसरी पाळी सुरू होणार होती. त्या पाळीत मावशींच्या जावयालाही घ्यायचं ठरलं होतं. तो वर्षभर घरी बसून होता.

"जावयाच्या पोटावर पाय देताय, मावशी."

"पाय माझाय, बघते मी. तू तुझे हात बघ."

पट्ट्या सुटल्याचं कळताच मालक आले. आवाज न चढवता म्हणाले, "आजचा दिवस राहू द्या. काम मिळू दे, मग नवीन मशिनी घेऊ."

"मिळाल्यावर तर जास्तच घाई असेल, साहेब."

"पलीकडचा कारखाना सर्रास बांधतो. काम तिकडं गेलं तर हे तुमचे धडधाकट हात घरी बसतील."

"बसले तरी हातच राहतील ना."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या जागी दुसरं कुणी आणू शकतो मी."

"आणा. मी असेपर्यंत बांधू देणार नाही."

आधीच्या कारखान्यात असंच बटण बांधलेलं असताना मावशींच्या शेजारच्या प्रेसवरल्या बाईची चार बोटं गेली होती. तिथला मालकही वाईट नव्हता. ऑर्डर मोठी होती, एवढंच.

दुपारी गिऱ्हाइकाचा माणूस घड्याळ लावून उभा राहिला. तुफानने दोन्ही बटणं दाबत जीव तोडून काम केलं. बाकीच्यांनीही मान वर केली नाही. तो निघून गेल्यावर मालक मावशींजवळ आले.

"निम्मंच काम दिलं. आहेत त्या बायका राहतील. दुसरी पाळी नाही." आणि जाता जाता म्हणाले, "जावईबापूंना तुम्हीच सांगा."

मावशींनी घरी पोचल्यावर चप्पल काढता काढताच सांगितलं. मुलीने तव्यावरची भाकरी उलटली. जावयाने विचारलं, "तुमच्या इथं कुणाचं बोट तरी गेलंय का आजवर?"

"नाही."

"मग कशासाठी?"

"जाऊ नये म्हणून."

"आणि मी? मी काय करायचं?"

उगाच काहीतरी बोलून त्याची समजूत काढावी, असं मावशींना वाटलं नाही. तो उठून बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. तेच त्यांना जास्त लागलं.

बराच वेळ वाट बघून त्यांनी त्याचं ताट झाकून ठेवलं. मग स्वतःचं वाढून घेतलं आणि पोटभर जेवल्या. सकाळची पाळी होती.