पहिला पॅनकेक

"प्रश्न पाचवा," भाऊजी फोनवरून ओरडले. "आपल्या घरात पहिला, करपलेला पॅनकेक कोण खातं? अ, आजी. ब, कुत्रा. क, घरची सून."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दरवर्षी कार्निव्हलच्या शेवटच्या दुपारी ते ही ऑनलाइन प्रश्नमंजूषा घेतात आणि गावोगावचे नातेवाईक व्हिडिओ कॉलवर जमतात. आधीचा प्रश्न होता, कार्निव्हल संपताना मासा वाजतगाजत पुरायची प्रथा कोणत्या देशात आहे. सगळी मजाच. मी मात्र तव्यापाशी. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आत घरातलं लोणी, अंडी, साखर संपवायची म्हणून आमच्याकडे त्या दिवशी पॅनकेक होतात. पहिला तव्याला चिकटतोच. तो टाकला तर म्हणे घराची बरकत जाते, म्हणून तो सुनेनं गिळायचा. बरकत सगळ्यांची आणि कोळसा माझ्या घशात, वा रे न्याय.

"ब. कुत्रा असणार," नणंदेचा मुलगा म्हणाला.

"अरे, कुत्रा हुंगूनसुद्धा बघत नाही तो," माझा नवरा म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

"क. आई खाते," माझ्या मुलानं सांगितलं.

"बरोबर. दहा गुण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नर्स आहे. आठवडाभर हाडांच्या वॉर्डात पेशंटना कुशीवर वळवून कंबरेचा काटा ढिला झालेला, सुट्टीच्या एका दिवशी पुन्हा गॅससमोर उभी, आणि मी यांच्या खेळातला एक पर्याय. तोही कुत्र्याच्या खालचा.

"तू सुटलीस गं आता," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी करपलेल्या पॅनकेकची बशी माझ्या सुनेपुढे सरकवली. "यंदापासून हिची पाळी."

नुकतीच लग्न होऊन आलेली ती पोरगी. तिनं निमूट हात पुढे केला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंच वाटलं. सुटले एकदाची. मग माझीच मला चीड आली.

मी ती बशी उचलली आणि नवऱ्याच्या पुढ्यात आदळली.

"हे काय?"

"कुत्रा खात नाही ना? मग तुम्ही बघा खाऊन."

"अगं, गंमत चाललीये. सगळे बघतायत."

"बघू देत. ही खाणार नाही. मीही नाही, आज नाही आणि पुढेही नाही."

"वहिनी, अहो..." एवढंच भाऊजी म्हणाले. नवऱ्यानं बशीला हात लावला नाही. मुलगा मान खाली घालून बसला. आण इकडे, मी खातो, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

शेवटी सासूबाईंनीच बशी ओढून घेतली.

"राहू दे. सणाच्या दिवशी भांडण नको. तू यायच्या आधी मीच तर खात होते." बोलता बोलता त्यांनी काळा तुकडा मोडून तोंडात घातलासुद्धा.

इतकी वर्षं मी या बाईच्या नावानं बोटं मोडत आले होते. मी त्यांच्या हातातून बशी काढून घेतली आणि करपलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तव्यावरचा गरम, लुसलुशीत पॅनकेक काढला, वर साखर पेरली आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या आई. हा तुमचा."

त्यांनी तुकडा मोडला आणि हात तसाच थांबला. मान वळवून त्या एकेकाच्या बशीत बघायला लागल्या, सगळ्यांना वाढून झालंय का ते.