डावा पाइप

"ताई, आज तुम्ही खाली येऊ नका," मिस्त्री दारातच उभा राहून म्हणाला. "म्हणजे राग मानू नका. पण शोरूमवाला येतोय."

आत्याने मान वर केली नाही. मागच्या गॅलरीत फरशीवर बसून, मांडीवर सायलेन्सर आडवा घेऊन ती त्याच्या वाकणातला गंज तारेच्या ब्रशने खरवडत होती.

"तो येतोय तर मी का येऊ नको? मी काय त्याला चावणार आहे?"

"तसं नाही हो. त्याला वाटतं, रंग मी मारतो."

"त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही."

आत्याचा ब्रश थांबला. मी आत भाजी चिरत होते, माझी सुरीही थांबली.

हा मिस्त्री आमच्याच इमारतीत खाली गॅरेज चालवतो. मोटारसायकलींचे गंजके सायलेन्सर खालून वर आमच्या घरी येतात आणि काळेभोर होऊन खाली जातात. बारा वर्षं हे चाललंय. गिऱ्हाईक गॅरेजात उभं राहून म्हणतं, वा मिस्त्री, काय हात आहे तुझा. आणि मिस्त्री मान खाली घालून हसतो. ते हसणं मी जिन्यातून कितीतरी वेळा पाहिलंय. चोराचं नसतं ते. पण मालकाचंही नसतं.

आणि आमच्या घरात? घरात या कामाला काम म्हणत नाहीत. माझे वडील, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, पाहुण्यांना सांगतात, "तिचं मन रमतं." आई म्हणते, "वन्सं काहीतरी करत असतात." काहीतरी. अंगाला थिनरचा वास, नखांत काजळी, कंबर मोडलेली, आणि हे म्हणजे काहीतरी. बाईमाणूस घरात बसून जे करतं त्याला नाव द्यायला लोकांची जीभ का अडते, हे मला अजून कळलेलं नाही. पुरुषाने तेच दुकान मांडून केलं असतं तर पाटी लागली असती.

आत्याचं लग्न चार वर्षं टिकलं. परत आली तेव्हा टेम्पोतून एक लोखंडी कपाट घेऊन आली. तिच्या बापाने लग्नात दिलेलं. नवऱ्याने ते अडवून धरलं होतं, तर ही कपाटाला पाठ लावून दुपारभर उभी राहिली आणि घेऊनच आली. त्या कपाटात पुढे वर्षानुवर्षं तिचे कपडे होते. मग एक दिवस तिने कपडे पेटीत भरले, कपाटाचे खण काढून टाकले, आतून पत्रा ठोकला, तळाशी भट्टीतली जुनी कॉइल बसवली, दाराला भोक पाडून त्यात तापमापक खुपसला. वडील हबकले. "घर जाळशील," म्हणाले. घर जळलं नाही. कपडे टांगायच्या दांडीवर आता सायलेन्सर टांगले जातात. रंग नुसता मारून भागत नाही, तो भाजावा लागतो. आधी मंद आच, मग गार, मग जरा जास्त, परत गार. घाई केली की रंगाला फोड येतात. हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिले वीसेक पाइप वाया घालवून ती शिकली.

तर मिस्त्री दारात उभा होता आणि बेत सांगत होता. शोरूमवाला जुन्या मोटारसायकली घेतो, नव्यासारख्या करतो आणि विकतो. दुसरीकडचा रंग सहा महिन्यांत सुटतो, या गॅरेजचा सुटत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. आता त्याला सगळेच पाइप एका माणसाकडे द्यायचे होते, पण आधी ते काम डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने दोन सायलेन्सरची एक गाडी पाठवली होती. डावा आत्याने कालच करून ठेवला होता.

"उजवा मी आज त्याच्यासमोर मारतो," मिस्त्री म्हणाला. "तो जेवायला गेला की वर आणतो, तुम्ही कपाटात भाजून द्या. चार वाजता गाडी चालू करून बघणार आहे तो. बस, एवढंच."

"म्हणजे काम तुझ्या नावावर."

"ताई, नाव कुणाचं का असेना, पाइप तर तुमच्याकडेच येणार ना?"

आत्याने ब्रश खाली ठेवला. मग उठून तिने खुंटीवरचे पांढरे सुती हातमोजे काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"शेवटचं थिनरने पुसलंस की उघडा हात लावायचा नाही. हे घालून उचल."

मिस्त्री हसला. "हे घालून गॅरेजात उभा राहिलो तर लोक विचारतील, कुणाच्या लग्नाला चाललास?"

"विचारू देत."

"माझे हात धुतलेले असतात, ताई." आणि गेला.

"आत्या, तू त्याला काही बोलत कशी नाहीस?" मी विचारलं. "उद्या शोरूमवाल्याने त्याला आपला रंगारी म्हणून लावला, की तू जन्मभर पडद्यामागे. मग कितीही ओरडलीस तरी कोण ऐकणार?"

"मला काय कळत नाही होय?" ती म्हणाली. परत बसली आणि गंज खरवडू लागली. पण ब्रशचा आवाज वेगळा होता. धातूवर नाही, कुणाच्या तरी पाठीवर चालल्यासारखा.

दीड वाजता मिस्त्री वर आला. पाइपच्या दोन्ही टोकांना तार बांधून त्याने तो अधांतरी आणला होता. रंग ओला होता, एकसारखा दिसत होता. मिस्त्रीचा चेहरा फुललेला.

"बघा. तीन हात दिलेत, तुमच्यासारखेच पातळ. तो म्हणाला, मस्त."

आत्या पाइपभोवती एक फेरी मारून आली. "थर चांगले आहेत," ती म्हणाली. "पुसून झाल्यावर स्टँडवर कसा चढवलास?"

"कसा म्हणजे? उचलला आणि चढवला."

"कशानं उचललास?"

मिस्त्रीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हातानं. आणखी कशानं?"

"कुठं धरलास?"

"वाकणाजवळ. तिथंच पकड बसते."

"इंजिनाच्या जवळ. जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथं." आत्याने सुस्कारा सोडला नाही की कपाळाला हात लावला नाही. घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता बसले तर होतंय. रंग काढते, पुसते, परत मारते, भाजते. चारला जेमतेम निघेल. पण मग मी खाली येणार. आणि हे मी केलंय म्हणून सांगणार."

"ताई, मग मी कुठं तोंड दाखवू? सकाळी त्याच्यासमोर मारलाय मी."

"तोंड जिथं आहे तिथंच राहील तुझं."

मिस्त्री पाइपकडे वाकून वाकून बघू लागला. "दिसतंय का कुठं काही? उगाच तुमची शंका. द्या भाजून तसाच."

"नीट विचार कर. हाताला घाम असतो, तेल असतं. कपाटात रंग बसतो. पण इंजिनाची आच कपाटाच्या दुप्पट. तिथं तो लागलेला हात बोलतो."

"मी इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, ताई."

हे वाक्य मला चांगलं ठाऊक आहे. जिथं उत्तर नसतं तिथं वर्षं पुढे करतात.

आत्याने कपाट उघडलं, पाइप दांडीला टांगला, दार लावलं. मिस्त्री खाली गेल्यावर मी म्हटलं, "बरं झालं. आपटू दे चांगला."

ती माझ्याकडे अशी वळली की मी एक पाऊल मागे गेले. "तो आपटावा म्हणून नाही भाजत मी. दोनदा सांगितलं त्याला. तिसऱ्यांदा सांगितलं तर ती विनवणी होते."

वडील तेव्हा जेवायला घरी आले होते. ताटावरूनच म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरतेस? त्याच्यामुळे तर काम मिळतं तुला."

"दादा," आत्या म्हणाली, "आज पहिल्यांदा काम म्हणालास."



चार वाजता आम्ही दोघी खाली उतरलो. आत्याने साधेच कपडे घातले होते, फक्त हातात ते पांढरे मोजे चढवले होते. मिस्त्रीने आम्हाला पाहिलं आणि तो नटबोल्ट आवळण्यात गर्क झाला. शोरूमवाला जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, एका उलट्या बादलीवर बसला होता. शेजारचा टायरवाला आणि आणखी दोघेतिघे फुकटचा खेळ बघायला जमले होते.

"चालू कर गाडी," शोरूमवाला म्हणाला.

गाडी धडधडू लागली. पाच मिनिटं झाली, काही नाही. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहायचं टाळलं. सात मिनिटं. रंगाचा गरम वास सुटला. मिस्त्री टायरवाल्याशी काहीतरी बोलून हसलासुद्धा.

मग उजव्या पाइपच्या वाकणावर एक तपकिरी ठिपका आला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता चार बोटं आणि पलीकडच्या बाजूने अंगठा उमटला. कुणीतरी आतून पाइप पकडला असावा तसा पंजा. करंगळीच्या जागी रंगाला बारीक फोड आला आणि फुटला.

"हा कुणाचा पंजा रे?" शोरूमवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पाइपच खराब होता, साहेब. लोखंडात खोट."

"लोखंडाला बोटं असतात?"

टायरवाला फस्सकन हसला. शोरूमवाला उठून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. डाव्या पाइपपुढे गुडघ्यांवर बसला. टोकापासून टोकापर्यंत बघत गेला, परत उलटा बघत आला. तिथं काही नव्हतं. नुसता काळा, दमदार, सलग काळा रंग. त्यावर कुणाचंच बोट नव्हतं.

"हे दोन्ही एका हाताचं काम नाही," तो गाडी बंद करत म्हणाला.



"डावा माझा," आत्या म्हणाली.

"माझा म्हणजे?"

"म्हणजे मी केलाय. बारा वर्षं इथून जे जातात ते सगळे माझे. वर घरी करते. कपाटात भाजते."

"कपाटात?"

"लग्नातलं आहे. तिथलं बाकी काही टिकलं नाही, ते टिकलं."

कुणी हसलं नाही. शोरूमवाल्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. स्वच्छ झालेले हात तो कितीतरी वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "ताईंचंच असतं सगळं."

मला वाटलं, आता आत्या त्याला सोलून काढेल. मी तर काढलाच असता. पण ती उजव्या पाइपजवळ गेली आणि मोज्यातल्या बोटाने दाखवू लागली. "रंग वाईट नाही मारला त्याने. हे बघा, थर सारखे आहेत, कुठं ओघळ नाही. फक्त शेवटी हात लावला. शिकेल."

शोरूमवाला बराच वेळ तिच्या मोज्यांकडे बघत होता. "उद्यापासून शोरूममध्ये या, बाई. जागा देतो."

"जागा नको. माझं कपाट मी परत कुठं हलवणार नाही. पाइप माझ्याकडे येतील."

"मग ने-आण कोण करणार?"

आत्याने हनुवटीने मिस्त्रीकडे खूण केली. "हा. मोजे घालून."

मिस्त्री आधी लाल झाला, मग त्यालाच हसू फुटलं. "घालतो," म्हणाला. "लग्नाला चाललोय म्हणून सांगेन."

दुसऱ्या आठवड्यात मी आत्याला घेऊन शोरूमच्या फाटकाशी गेले. कामाचे पैसे घ्यायला तिला तिथं जावं लागणार होतं; आत-बाहेर करायला पास लागतो, आणि पासासाठी अंगठा. खिडकीतल्या कारकुनाने मशीन पुढे केलं. आत्याने अंगठा ठेवला. मशीन पिपाणीसारखं ओरडलं.

"पुसून ठेवा."

पुसून ठेवला. परत तेच.

"दुसरं बोट द्या." दुसरं दिलं. तिसरं. मग डावा हात. दहाच्या दहा बोटं झाली, मशीनने एकही घेतलं नाही. कारकुनाने तिचा हात धरून खिडकीत उजेडाकडे वळवला. "बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत."

मी पण वाकून पाहिलं. मी त्याच घरात वाढले, त्या हातांनी माझी वेणी घातलेली, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत टोकं. पॉलिश पेपर आणि थिनर. बारा वर्षं ती गंजाबरोबर स्वतःलाही घासत होती आणि आम्ही म्हणत होतो, मन रमतं.

आत्याने हात परत घेतला. म्हणाली, "मग वहीत लिहा. मशीन यायच्या आधी लिहीतच होता ना?"

कारकुनाने कुरकुरत जाडी वही काढली, पेनाची शाई झटकली. नाव विचारलं. तिने पूर्ण सांगितलं, थांबत थांबत, तो चुकणार नाही असं. कामाच्या रकान्यात त्याने न विचारताच 'मदतनीस' लिहिलं.

"ते खोडा," आत्या म्हणाली. "रंगारी लिहा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खोडलं आणि वर नव्याने लिहिलं, ठळक, आणि सहीसाठी वही तिच्यापुढे सरकवली.

आत्याने पेन घेतलं, पण हात लगेच टेकवला नाही. आधी वाकून, तिरक्या उजेडात, अक्षरांची शाई वाळली का ते पाहिलं.